बोटीवरची हाळी

वाडी, ता. जत
सोमवार, २ फेब्रुवारी

आन् ती हाळी काय तुझ्या बापाची हाय का, परक्या माणसांवर घालत सुटलीस ती? बापाची बी न्हवं. माझी हाय. माझ्या आईनं मला शिकवली, रानात मेंढरं पांगली की गोळा करायला. आन् तू तिकडं लंकेत देवमासे दाखवायच्या बोटीवर उभी राहून, अंगात ती नारंगी फुगीर बंडी घालून, टोपी-गॉगलवाल्या शहाण्या माणसांवर घालतीस? "ह्यॅऽऽ हुर्र्र! या या, डाव्या अंगाला बघा!" आन् ती माणसं बी मेंढरागत सगळीच्या सगळी डाव्या अंगाला पळाली. बोट कलली असती म्हंजे?

मला कसं कळलं, ते इचारू नकोस. सांगतेच. काल दळण घिऊन गिरणीत गेले, तर तुझ्या चुलतीनं, त्या हरणाबाईनं, साऱ्या बायांच्या म्होरं मोबाईल धरला. म्हणाली, "सुले, बघ की, तुझी लेक लंकेत मेंढरं राखती." सगळी गिरणी हसली. गिरणीवाला इमाम बी हसला, चक्कीचा पट्टा सुटला तरी त्याचं ध्यान न्हाई. मी हसले न्हाई. मी तेवढं तीनदा लावायला लावलं, का तर मला नीट दिसत न्हवतं.

आता तू म्हणशील, आई बोलत न्हाई आन् लिहिती कशी. तर ऐक. दिवाळी झाल्यावर तू मला जे तोंडघशी पाडलंस, ते मी विसरले न्हाई. कासच्या पठारावर फुलं दाखवायचं तुझं काम संपलं, तू घरी आलीस, मला वाटलं आता पोरगी टिकली. मी नानासो चेअरमनच्या दारात खेपा घातल्या. मी चौथी शिकलेली, ती बी जिथं मेंढरं बसली तिथल्या शाळंत, आज एका गावात, उद्या दुसऱ्या. मला खुर्चीवर बसून बोलायची सवय न्हाई, तरी बसले. पतसंस्थेत तुला बसायला जागा, डोक्यावर पंखा, सांजंला घरी. आन् मुलाखतीच्या सकाळी तू पुण्याची एसटी धरलीस. चेअरमन म्हणाले, "काय सुलाबाई, पोरगी कुठाय?" मी म्हणाले, पोटात दुखतंय तिच्या. त्यांच्या लेखी तुझ्या पोटात अजून दुखतंयच.

त्याच सांजंला मी बिरोबाच्या देवळात जाऊन भंडारा उचलला, आण घेतली. प्रांजल माझ्या म्होरं येऊन उभी राहीस्तोवर तिच्याशी एक शब्द बोलणार न्हाई. पुडी देव्हाऱ्यात बांधून ठेवलीया. आपल्यात हे कसं असतं ते तुला ठावं हाय. रागानं उचललेला भंडारा ज्याच्यासाठी उचलला त्याच्या कपाळाला लावला, तरच उतरतो. फोनमधनं लावता येत न्हाई.

लिहायचं मात्र मी नाथाजी पुजाऱ्याला इचारून घेतलं. तो म्हणाला, "देवाला कुठं वाचता येतंय, सुलाबाई? लिव्हा खुशाल."

तुझा बा ह्या कागदाचा फोटो काढून तुला धाडील. त्यानं कसला भंडारा उचलला न्हाई, तो बोलतोच तुझ्याशी रोज. बोलू दे.

ती हाळी बंद कर. आन् घालायचीच असंल तर नीट घाल. शेवटचा हेल वर न्यायचा असतो. तू खाली सोडतीस. त्यानं मेंढरं जाग्यावर थांबत्यात, येत न्हाईत.

आई


गुरुवार, १९ फेब्रुवारी

निळ्या रेघा उमटल्या म्हणून तुझा बा सांगतो, म्हंजे वाचलंस. उत्तर न्हाई. बापाकडं निरोप दिलास, "आईला सांगा, देवमासा हा मासा न्हवं." एवढं लिहून धाडलं त्याचं हे उत्तर!

मासा न्हवं तर काय? तुझा बा म्हणला, ते पिल्लू घालतं आन् त्याला दूध पाजतं. मी म्हणाले, पाण्यात कसं पाजील, दूध वाहून न्हाई जाणार? तर म्हणला, मला काय म्हाईत, तूच इचार. मला इचारता येत न्हाई हे त्याला ठावं हाय, तरी असं बोलतो. म्हणून काल त्यानं फोन लावून आवाज मोठा केला, तवा मी दारातल्या त्या लंगड्या मेंढीजवळ जाऊन बसले आन् मेंढीला इचारलं, "काय गं, पाण्यात पिल्लू कसं पितं?" तू तिकडनं हसलीस ते मला ऐकू आलं. मेंढीला बी आलं. पण तू सांगितलंस ते बरं झालं. दूध तुपागत दाट असतं आन् आई ते पिल्लाच्या तोंडात जोरानं सोडती. हे पटलं मला. दाट असंल तर जाईल.

मेंढीला अजून इचारायचं होतं, पण तुझ्या बापाची बॅटरी संपली. ते इथं लिहिते. दुसऱ्या आईचं पिल्लू देवमासा आपल्याजवळ घेतो का? आमी मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर घालतो, तवा मेंढी वास घिऊन त्याला पाजती. समुद्रात काय करत्यात? पिल्लू चुकलं तर आई वरडती का, हे मेंढीला बॅटरी संपायच्या आधीच इचारलं होतं. तू म्हणलीस, वरडती, पण तिचं वरडणं माणसाला ऐकू येत न्हाई, कोसच्या कोस लांब जातं. ऐकू येत न्हाई तर तुमाला कळलं कसं? थापा मारती हाईस मेंढीला.

सोमवारी सांगलीला गेले होते. डोळं दाखवाय. डॉक्टर म्हणला चष्मा लागंल. फोटो बी काढला. चष्म्यासाठी आता फोटो लागतो म्हणं, दोन्ही कान दिसतील असा. बोटांचं ठसं बी घेतलं. लय गर्दी होती. बाकी काही न्हाई.

येताना एसटीतनं ऊस बघितला आन् फलटणच्या बाजूचं रान आठवलं. तुला ते दिसलेलं न्हाई. दसरा झाला की आमी इथनं निघायचो, मेंढरं, घोडं, घोड्यावर कोंबड्या आन् कोंबड्यांबरोबर मी. फलटणला ऊस तुटला की रिकाम्या वावरात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत, आमाला ज्वारी. मग वाईपातूर. वाईच्या घाटावर कृष्णेत मेंढरं धुतली तवा एक भटजी आईवर लय वरडला. आईनं त्यालाच घोंगडं धरायला लावलं. पाऊस यायच्या आत माघारी. तुझ्या बापानं मेंढरांचं खांड विकलं, दारात चार ठेवली, आन् घर बांधलं ते का? तर पोरीनं एका जागी बसून शिकावं. शिकलीस. आन् आता नोव्हेंबरात निघतीस.

अंगात ते शंभर खिशांचं जाकीट घालतीस, त्याच्या आत सुती कापड घाल. खाज सुटती.

आई


रविवार, ८ मार्च

प्रांजे,

तुझ्या बापानं सगळं सांगितलं. तुला वाटलं तो मला सांगणार न्हाई. तो मला सांगितल्याबिगर जेवत न्हाई.

साताऱ्याची टोळी आली होती म्हणं, तुझ्याच कंपनीनं पाठवलेली. पहाटे बोटीत बसली, अर्धी माणसं वकली, उन्हं वर आली तरी देवमासा न्हाई. आन् जवा दिसला तवा आई आन् पिल्लू. म्हंजे सगळ्या बोटी तिकडंच. चारी बाजूनं. ती आई एका अंगाला जाऊ बघती, तिकडनं बोट. दुसऱ्या अंगाला, तिकडनं बी बोट. पिल्लू मधीच. आन् तू बोटवाल्याला म्हणलीस, इंजन बंद कर, मागं फीर. त्यानं ऐकलं. लांब थांबलात, मग ती दोघं बुडाली ती बुडालीच, तुमच्या माणसांच्या नशिबी शेपूट बी न्हाई. मग माणसं तुझ्यावर तुटून पडली, "आमी एवढ्या लांबनं काय तुझं तोंड बघाय आलो का?" आन् साताऱ्याच्या साहेबानं फोनवर तुला नको नको ते ऐकवलं. ह्या हंगामानंतर कामावर येऊ नकोस म्हणला.

तू रडलीस म्हणून तुझा बा सांगत होता. मग तो बी रडायला लागला, फोन हातात घिऊन गोठ्यात उभा. मी न्हाई रडले. मला राग आला, लय राग आला. कोकरू पायात असलेल्या मेंढीच्या मागं कुत्रं लावतं का कुणी? माझ्यापाशी असती ती माणसं तर काठीनं मागं सारली असती.

वाईच्या अलीकडं एकदा रस्त्यातच एक मेंढी व्याली. मागं मोटारी थांबल्या, भोंगं वाजवाय लागल्या. मेंढी भ्याली आन् वलं कोकरू टाकून पळाली. मग तिनं त्याला जवळ केलंच न्हाई, काय बी केलं तरी. माझ्या आईनं ते कोकरू पदरात घिऊन, बाटलीनं पाजून, जतपातूर आणलं. भोंगं वाजवणाऱ्या माणसाला काय, तो वाईला जाऊन जेवला असंल.

तू बरोबर केलंस. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार न्हाई, म्हणून फोटो नीट जपून ठेव.

पण त्या माणसांचं बी ऐक. सारीच काय वाईट न्हवती. वकून वकून बेजार झालेल्या बाईला काय पिल्लाचं दुःख सुचणार? बोटीत चढायच्या आधीच सांगायचं तोंड वर करून, की दिसंल किंवा दिसणार न्हाई, आन् पिल्लू असंल तर आमी लांब थांबणार, ज्याला पटत न्हाई त्यानं आत्ताच उतरा. आधी सांगितलं की माणूस चिडत न्हाई. मागनं सांगितलं की चिडतो. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी बी चिडले नसते. एवढंच म्हणायचंय.

परवा पोलीस येऊन गेला दारात. काय विशेष न्हाई, असंच. किती वर्षं राहता, शेजारी कोण, असलं काय बाय इचारत होता. हरणाबाईनं कुंपणावरनं वरडून इचारलं, "काय गं, काय चोरलंस?" मी म्हणाले, तुझी अक्कल, पण ती बी मिळाली न्हाई. पोलीस हसत हसत सही घिऊन गेला.

पिल्लू पुन्हा दिसलं का? तेवढं कळव. बापाकडं कळवलं तरी चालंल.

आई


मंगळवार, २४ मार्च

म्हंजे एप्रिलात हंगाम संपला तरी तू येणार न्हाई.

त्या दुसऱ्या बोटवाल्यानं, बापाला तू ज्याचं कौतुक सांगतीस त्या हळू बोट चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं, तुला कामाला बोलावलं, आन् देवमासे त्या बेटाच्या दुसऱ्या अंगाला जाणार, त्रिंकोमाली का काय, म्हणून तू बी जाणार. पावसाळा तिकडंच.

जा.

मला काय इचारू नकोस आन् मी बी काय लिहिणार न्हाई.

आई


शुक्रवार, ३ एप्रिल

लिहिणार न्हाई म्हणाले होते. त्याचा काय भंडारा उचलला न्हवता.

पिल्लू दिसलं म्हणून बापाला फोटो धाडलास, तो मी बघितला. आईच्या अंगाला चिकटून हाय. मला आधी दोन दगड दिसले पाण्यात. मग तुझ्या बापानं बोटानं दाखवलं. आईच्या पाठीवर पांढरा डाग हाय तो बोटीचा ओरखडा का जन्माचा, ते सांग.

आता ऐक. सरळ सांगते, मला फिरवून बोलता येत न्हाई.

चार दिवसांमागं नानासो चेअरमन स्वतः दारात आले. म्हणाले, "सुलाबाई, एक जागा पुन्हा मोकळी झालीया. पोरीचं पोट बरं झालं का?" मी चहा ठेवला. चहा उकळंस्तोवर चुलीपाशीच बसले. ह्याच जागेसाठी मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. कपात चहा वतला आन् म्हणाले, "चेअरमनसाहेब, पोट कधीच दुखत न्हवतं. ती तिच्या खांडाबरोबर गेलीया. चारा जिकडं तिकडं. आमच्यात असंच असतं." चेअरमन म्हणाले, "मेंढरं तर तुमी विकली की." मी म्हणाले, "ही इकता येत न्हाईत असली हाईत." ते हसले, चहा प्याले, गेले. ती जागा धोंडुबाईच्या सुनेला मिळंल. चांगली पोरगी हाय. तिला पंख्याची गरज हाय.

ते गेल्यावर मी देव्हाऱ्यातली पुडी काढली आन् नाथाजीकडं गेले. म्हणाले, "पोरगी पावसाळा संपस्तोवर येत न्हाई. मी तोवर मेंढीशी बोलू का?" नाथाजी म्हणला, "भंडारा कपाळाला लागला म्हंजे झालं." मी म्हणाले, "कपाळ तिकडं हाय." तो म्हणला, "मग भंडाऱ्याला पाय न्हाईत, सुलाबाई. तुमाला हाईत की." आन् देवळातला अजून चिमूटभर घालून त्यानं पुडी नीट बांधून दिली. मी त्याला सांगितलं न्हाई, की हे मी आधीच ठरवलंय. माणसाला वाटू द्यावं त्यानं सुचवलं म्हणून.

हां. आधीच ठरवलं होतं. सांगलीला मी डोळं दाखवाय गेले न्हवते. डोळं माझं चांगलं हाईत, सुईत दोरा अजून मी ववते, हरणाबाईला ववून देते. पासपोर्टच्या हापिसात गेले होते. तुझा बा बरोबर होता, भायेर झाडाखाली बसून होता, भेळ खात. आतल्या बाईनं इचारलं, "मावशी, कशासाठी जाताय?" मी म्हणाले, "कपाळाला भंडारा लावाय." तिनं मान खाली घालून पर्यटन लिहिलं. पोलीस आला तो त्याच्यापायीच. पासपोर्ट आला तवा तू पुढं जाणार म्हणून कळलं, त्या दिवशीच. पोस्टमन दारात आन् तुझा बा फोनवर. म्हणून ते तेवढंच लिहिलं तुला. राग पासपोर्टवर बी होता.

साताऱ्याच्या कंपनीची ह्या हंगामातली शेवटची टोळी येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, म्हंजे १२ तारखेला निघती. त्यात माझं नाव घातलंय. कंपनीतली पोरगी म्हणाली, "काकू, प्रांजल मॅडम तुमच्या कोण?" मी म्हणाले, "वळखीची हाय." त्या साहेबाला कळू देऊ नकोस, मला त्याच्याशी तोंडावर बोलायचंय. तुझ्याशी बोलायची बंदी हाय, त्याच्याशी न्हाई.

पैशाचं इचारायचं न्हाई. तुझा बा येत न्हाई, दारातल्या चार मेंढरांना कोण बघंल? तो म्हणला, "तू जाऊन ये, मग मला सांग मासा कसा हाय ते." मी म्हणाले, मासा न्हवं तो.

आता कामाचं. भाकरी इमानात न्हेऊ देत्यात का? शेंगदाण्याची चटणी आन् खर्डा बांधलाय, तुझ्यासाठी आन् त्या म्हाताऱ्या बोटवाल्यासाठी. तो तिखट खातो का? तुझ्यासाठी घोंगडं घेतलंय. गरम होतं म्हणू नकोस, पहाटेचं पाणी गार असणार. भंडाऱ्याची पुडी इमानतळावरच्या लोकांनी उघडून बघितली तर काय सांगायचं? हळद म्हणाले तर चालंल का? खोटं न्हाई ते, हळदच हाय.

आन् आता जे इचारायसाठी बसले ते. लिहायला जड जातंय, पण मला समुद्र ठावा न्हाई. मी एवढं चालले, वाईपातूर, कधी त्याच्याही वर, पण समुद्र बघितला न्हाई. तिकडं भाषा दुसरी, पाट्या वाचता येणार न्हाईत, कोण कुठं न्हेईल कळणार न्हाई. आन् तू भेटलीस तरी मला हाक मारता येणार न्हाई, पुडी उघडंस्तोवर. गर्दीत मी तुला कशी गाठू? तुझं नाव घ्यायचं न्हाई, आन् बाकी काय बोलून उपयोग न्हाई.

म्हणून तू हाळी घाल. बोटीजवळ, सगळ्या लोकांच्या म्होरं. हरणाबाईनं पुन्हा मोबाईलवर बघितलं तर बघू दे, गिरणी हसली तर हसू दे. हेल वर न्यायचा, लक्षात ठेव. खाली सोडलास तर मी तिथंच थांबणार, बस कुठं सोडील तिथं. वर न्हेलास तर येते. मग कपाळ पुढं कर, एवढंच. बोलायचं ते मी नंतर बोलीन, लय साठलंय.

आन् पिल्लू असलं तर बोट लांबच थांबव. माझ्यासाठी बी जवळ न्हेऊ नकोस. शेपूट दिसलं न्हाई तर मी साहेबाकडं तक्रार करणार न्हाई.

येऊ का नको, धक्क्यावर का काय म्हणता त्या बोटीच्या जाग्यावर तू उभी असशील का न्हाई, ते बुधवारच्या आत कळव. ८ तारखेच्या. बापाकडं निरोप नको, मेंढीकडं बी नको. तुझ्या हातानं लिहून, फोटो काढून, माझ्या नावानं. बुधवारी सांजच्यापातूर उत्तर आलं न्हाई, तर उत्तर आलं असं धरून मी बॅग भरीन.

तुझी आई
सुलाबाई